रिकामी फेरी

नवऱ्याने आपण होऊन संग्रहालयात नेतो म्हटलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जन्मभर बस चालवलेला माणूस. त्या नव्या कलेच्या इमारतीला कालपरवापर्यंत 'भंगाराचं गोदाम' म्हणायचा. मी कितीदा मागे लागले, पण हा ढिम्म.

"रविवारी जाऊ," चहा ओतताना तो म्हणाला. "मागच्या दाराने जाऊ, तिथे पायऱ्या नाहीत. वर खिडकीपाशी बाक आहे, तुझ्या गुडघ्यांना बरं. आणि त्या निळ्या दिव्यांच्या खोलीत थांबायचं नाही, गरगरतं."

गरगरतं? कोणाला गरगरलं? आणि त्या बाकावर शेजारी कोण बसलं होतं?

दुपारी कपडे धुताना त्याच्या शर्टाच्या खिशात संग्रहालयाच्या गोल चिकट्या सापडल्या. आत जाताना छातीवर लावतात त्या. पिवळी, हिरवी, गुलाबी. म्हणजे एकदा नाही, चांगल्या तीन वाऱ्या! बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, या वयात कोण भाळणार भाऊजींवर?" मला काही हसू आलं नाही. त्या न पाहिलेल्या बाईला मी दिवसभर मनातल्या मनात शिव्या घातल्या.

संध्याकाळी चिकट्या त्याच्यापुढे आपटल्या. "कोण आहे ती?"

"अगं, रिकामी फेरी मारली."

नव्या मार्गावर प्रवासी घेण्याआधी ड्रायव्हर रिकामी बस नेऊन वळणं बघून येतात, ती रिकामी फेरी. पण मी थोडीच ऐकणार!

"तीनदा? एकदा पाहिलेला रस्ता विसरत नाही म्हणून मिरवायचात ना तुम्ही?"

"राहत नाही गं आता लक्षात." तो चिकट्यांची कड नखाने खरवडत होता. "परवा तिथून बसने येताना आपला स्टॉप गेला. पार शेवटपर्यंत गेलो."

"डोळा लागला असेल."

"जागा होतो. खिडकीतून आपली गल्ली दिसली. ओळखलीच नाही मी."

ती बाई खरंच असती तर परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

"रविवारी बसमध्ये खिडकीशी मी बसणार," मी कशीबशी म्हणाले.

"बस की." त्याचा चेहरा एकदम खुलला. "आणि ऐक, मागच्या दाराने जाऊ. तिथे पायऱ्या नाहीत."