मोहाच्या बाटल्या

गजेंद्र बिसेन नागपूरबाहेरच्या एका लहानशा बीअर कारखान्यात कामाला होता. तिथे बीअर ट्रक भरभरून निघत नसे. छोट्या टाक्यांमध्ये थोडी थोडी करायची, कधी गव्हाची, कधी संत्र्याच्या सालीची, आणि लोकांना आवडेल ती विकायला ठेवायची. या उन्हाळ्यात मालकाने त्याला पहिल्यांदाच स्वतःच्या मनाची बीअर करू दिली. गजेंद्रने दोन केल्या, एक तांदळाची आणि एक मोहफुलांची.

"गावी चाललाच आहेस तर थोड्या घेऊन जा," मालक म्हणाला. "लोकांना चाखायला दे. दहापैकी किती गुण देतात ते मला येऊन सांग."

मोहाची टाकी अजून शांत झाली नव्हती, आतलं आंबणं चालूच होतं. आणखी काही दिवस थांबायला हवं, हे गजेंद्रला कळत होतं. पण सुट्टी मंजूर झाली होती आणि मोहाची बीअर गावी न्यायचीच, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. त्याने बाटल्या भरल्या आणि टोपणं बसवली.

गोरेगावजवळच्या त्यांच्या गावात त्या दिवशी लू, भाजून काढणारा गरम वारा, वाहत होती. आई, सुलोचनाबाई, आमगावला लग्नाला गेली होती. घरी गजेंद्र, त्याची बायको हर्षा आणि वडील मनिराम एवढेच. वडिलांना तो बाबूजी म्हणायचा. त्यांनी उभं आयुष्य राइस मिलमध्ये यंत्रांच्या शेजारी काढलं होतं. कान त्या आवाजातच गेले होते. ते पीत नसत, पण पोराच्या कामाला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत.

दुपारच्या जेवणानंतर टेकचंद आणि लीलाधरमामा आले. टेकचंद गजेंद्रचा शाळेपासूनचा मित्र, गोरेगावात मोटारपंप दुरुस्त करायचा. लीलाधरमामा आईचे चुलतभाऊ, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. पडवीत चटई टाकली होती. बर्फाच्या बादलीत तांदळाच्या बाटल्या आणि मोहाच्या दोन. सोबत आणलेल्या बाकी सगळ्या मोहाच्या बाटल्या धानाच्या खोलीत होत्या. मातीच्या जाड भिंतींची ती खोली घरात सगळ्यात थंड, म्हणून गजेंद्रने दोन्ही क्रेट तिथे दाराला लागून ठेवले होते.

तांदळाची बीअर स्टीलच्या ग्लासांत ओतली गेली.

"घाईनं नोको पिऊ," गजेंद्र म्हणाला. "पहिले वास घे. मंग एक घोट तोंडात फिरव. मंग नंबर दे."

टेकचंदने डोळे मिटून घोट फिरवला. "पहिले गोड, मंग जराशी कडू. सात."

"मी तं नऊ देतो," लीलाधरमामा म्हणाले.

"काऊन नऊ, मामा?"

"थंडी हाये ना! एवढ्या गरमीत थंडी चीज आनून दिली, तं नऊ तं बनतेच."

हर्षाने ग्लास नाकाजवळ धरला, जिभेवर थोडी घेतली आणि तोंड वाकडं केलं. "पेजेचा वास येऊन राहिला. पाच."

गजेंद्र हसला. पेजेचा वास खरंच होता. कारखान्यात तो कोणालाच आला नव्हता.

तेवढ्यात वीज गेली. आतला कूलर घरघरत थांबला. गरम हवेचा झोत पडवीतून गेला आणि दारावरची चादर फडफडली. "आता संध्याकाळलाच येते लाइट," टेकचंद म्हणाला.

गजेंद्रने बादलीतली मोहाची पहिली बाटली उचलली. ओपनर लावला आणि टोपण जरासं उचललं, तोच ते त्याच्या हातातून उडालं. फेस कौलांपर्यंत गेला. तो थांबेचना. बाटली उपडी केल्यासारखी रिकामी झाली आणि सगळ्यांचे कपडे भिजले. टेकचंद हसून लोळायचा बाकी होता.

"अरे, हे तं होळी झाली! दहा नंबर, दहा!"

गजेंद्र हसला नाही. ही बाटली सकाळपासून बर्फात होती. थंड बाटलीचा एवढा फेस होत नाही. त्याने दुसरी बाटली बर्फातून न काढताच पाहिली. टोपण मधोमध फुगलं होतं.

काय झालं ते त्याला कळलं. बाटलीत गोडवा शिल्लक होता आणि आंबवणारं खमीर जिवंत होतं. नागपूरच्या थंड खोलीत ते गप्प होतं. इथे या उन्हाळ्यात ते जागं झालं होतं, गोडवा खात होतं आणि वायू सोडत होतं. त्या वायूला बाहेर पडायला वाट नव्हती. आणि बर्फातल्या बाटलीची ही गत, तर क्रेटमधल्यांची काय असेल?

"उठा," तो म्हणाला. "सगळे अंगनात चला."

"काऊन गा?"

"टेक्या, उठ म्हनतो ना!"

ते उठत होते तोच धानाच्या खोलीत धाडकन आवाज झाला. सुतळी बॉम्ब फुटावा तसा. पाठोपाठ काचा भिंतीवर आदळल्याचा आवाज, मग फेसाची लांब सुसूसू. लीलाधरमामा पायरीवरच बसले.

"जाऊ द्या," गजेंद्र म्हणाला. "कोनी आत जाऊ नोका. फुटतीन तेवढ्या फुटू द्या. थंड झाल्यावर पाहू."

हर्षाने त्याचा दंड धरला.

"अजी," ती म्हणाली, "बाबूजी आत हायेत."

"कुठी आत?"

"त्याच खोलीत. कूलर बंद झाला तं खाट घेऊन तिकडे गेले. तुमी बाटली काढून राहिले होते तवा."

गजेंद्र धावला. दार नुसतं लोटलेलं होतं. त्याने ते हातभर ढकललं आणि आत दुसरी बाटली फुटली. एक तुकडा दाराच्या फळीत, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, रुतून बसला. तो मागे हटला. क्रेट दाराच्या अगदी लगत होते. ते त्यानेच तिथे लावले होते.

"खिडकी!" टेकचंद ओरडला.

घराच्या मागच्या बाजूला त्या खोलीला लोखंडी गजांची लहान खिडकी होती. दोघे वळसा घालून तिथे पोचले. आत अंधार होता आणि मोहाचा दाट, आंबूस वास. डोळे सरावल्यावर गजेंद्रला बाबूजी दिसले. ते खाटेवर उठून बसले होते. आवाज त्यांना ऐकू गेला नव्हता, पण फेसाचे शिंतोडे अंगावर उडाले होते. ते हाताने पाठ पुसत, कुठून गळतंय म्हणून छताकडे बघत होते.

"बाबूजी! तिकडे जाऊ नोका! कोपऱ्यात राहा!"

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. पोराचे ओठ हलताना दिसले, हात क्रेटकडे दाखवताना दिसला. त्यांनी मान डोलावली आणि ते उठले. पायांत चपला घातल्या आणि सरळ क्रेटकडे निघाले.

"नाही! नाही!" गजेंद्रने गज हलवले. बाबूजींची पाठ होती. ते वाकले, क्रेटमधून एक बाटली काढली आणि छातीशी धरून खिडकीकडे येऊ लागले.

"हेच पायजे ना?" ते मोठ्याने म्हणाले. "कायले ओरडून राहिला? आनतो ना मी."

टेकचंदने तोंडावर हात ठेवला. बाटलीचं तोंड बाबूजींच्या हनुवटीखाली होतं. चालताना ती हलत होती. आतून बुडबुडे वर चढत होते, खिडकीच्या उजेडात ते स्पष्ट दिसत होते. गजेंद्रला ओरडायचं होतं, पण ओरडताना आपला चेहरा पाहून ते दचकतील, बाटली हातातून सुटेल, म्हणून त्याने तोंड मिटून घेतलं. त्याने फक्त हात वर केला आणि तळवा हळूहळू खाली आणला. सावकाश. एकदम सावकाश. लहानपणी बाबूजी त्याला डोक्यावर पाण्याची घागर देऊन असंच करायचे.

बाबूजी थबकले. पोराच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांना काहीतरी उमगलं असावं. उरलेली दोन-तीन पावलं त्यांनी हातातलं दूध हिंदकळू नये अशा बेताने टाकली. गजेंद्रने गजांमधून दोन्ही हात आत घातले.

"हात कापला तं?" टेकचंद पुटपुटला. "ठेवाले सांग ना खाली!"

"खाली दगडी फरशी हाये. तू मांगं सर."

बाटली त्याच्या हातात आली. काच कोमट होती. त्याने ती गजांमधून आडवी काढली, अंगापासून दूर धरली आणि विहिरीजवळच्या टाक्याकडे चालू लागला. एवढंच अंतर, पण ते संपेना. घाम डोळ्यात उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. टाक्याच्या पाण्यात त्याने बाटली सोडली आणि लगेच दूर झाला.

मागे खोलीत तिसरी फुटली.

तो धावत परत आला. बाबूजी आता भिंतीला चिकटून उभे होते. या वेळी काच त्यांच्या चपलांपर्यंत आली होती. काय चाललंय ते त्यांना कळलं होतं. गजेंद्रने खुणेने सांगितलं, खाट उभी करा, मागे बसा. त्यांनी खाट कुशीवर उभी करून पुढे ओढली आणि तिच्यामागे उकिडवे बसले. दोरांच्या विणीतून त्यांचे डोळे दिसत होते.

हर्षाने तोवर घरातल्या दोन्ही गोधड्या टाक्यात बुडवून आणल्या होत्या. टेकचंदने मोटारसायकलचं हेल्मेट गजेंद्रच्या डोक्यावर बसवलं. "मी जातो का?" त्याने विचारलं.

"माझ्या बाटल्या हायेत," गजेंद्र म्हणाला आणि ओली गोधडी अंगापुढे धरून दारातून आत शिरला.

हेल्मेटमध्ये त्याला स्वतःचा श्वास तेवढा ऐकू येत होता. त्याने पहिली गोधडी एका क्रेटवर टाकली. दुसरी टाकताना हात उघडा पडला आणि नेमकी तेव्हाच बाटली फुटली. कोपराखाली काहीतरी गरम लागलं. त्याने बघितलं नाही. गोधडी पसरली, फरशीवरच्या काचा पायाने बाजूला केल्या, खाट लोटली आणि बाबूजींना कमरेला धरून उचललं. म्हातारं शरीर हलकं होतं. दारातून जाताना त्याने आपली पाठ क्रेटकडे केली.

अंगणात आल्यावर बाबूजी म्हणाले, "तुझं रक्त निघून राहिलं, पोरा."

ते बरंच निघत होतं. हर्षाने पदर फाडून हात बांधला. लीलाधरमामा बाबूजींचे पाय तपासत होते, दोन्ही पाय पुन्हा पुन्हा, काही लागलं नव्हतं तरी. खोलीत गोधडीखाली एक बाटली दबक्या आवाजात फुटली आणि सगळे एकदम दचकले. बाबूजी सोडून.

टेकचंद गाडी काढत होता, पण गजेंद्र जागचा हलेना. डाव्या हाताने तो मोबाइल चाचपत होता. मोहाच्या निम्म्या बाटल्या नागपूरला होत्या.

"सर," फोन लागल्यावर तो म्हणाला, "मोहाच्या बाटल्यांना कोनी हात लावू नका. त्या फुटत आहेत."

मालक पलीकडून हळू आवाजात म्हणाला, "आज संध्याकाळी लोक चाखायला येणार आहेत. मी आत्ताच थंड खोलीतून काढून टेबलांवर मांडायला सांगितल्यात."

"मांडल्या का?"

"थांब." पावलांचा आवाज, कोणावर तरी ओरडल्याचा आवाज. गजेंद्र रक्ताळलेला हात धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे कोणाच्या तरी हनुवटीखाली धरलेली बाटली होती. कितीतरी वेळाने मालक परत आला. "क्रेट दारापर्यंतच आले होते. परत आत ठेवले. गजेंद्र, तुझ्याकडे कोणाला काही झालं का?"

"नाही," गजेंद्र म्हणाला आणि पायरीवर बसला. टेकचंदने त्याला खांद्याला धरून गाडीवर बसवलं.

गोरेगावच्या दवाखान्यात हाताला टाके पडले. दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत हेल्मेट आणि जाड हातमोजे घालून त्याने उरलेल्या बाटल्या एकेक करून टाक्याच्या पाण्यात बुडवल्या आणि पाण्याखालीच उघडल्या. कोणाला जवळ येऊ दिलं नाही. नागपूरच्या बाटल्या मालकाने तशाच ओतून टाकल्या. नोकरीवरून काढलं नाही. पुढच्या वेळी टाकी शांत झाली की नाही ते मी स्वतः पाहीन, एवढंच म्हणाला.

आई लग्नाहून परतली तेव्हा बाबूजींनी तिला सगळं रंगवून सांगितलं. पोराने मला धानाच्या पोत्यासारखं उचललं म्हणून ते हसत होते. गजेंद्रला हसू आलं नाही. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी त्याचा हात आपोआप तोंडासमोर जात होता.

दुपारी बाबूजी पुन्हा धानाच्या खोलीत झोपायला निघाले. गजेंद्रने त्यांच्या आधी जाऊन फरशी परत एकदा झाडली, कोपरे हाताने चाचपले. मग तो दाराशी बसला. बाबूजी खाटेवर टेकले आणि त्याच्या बांधलेल्या हाताकडे बघत राहिले.

"दुखते का?"

"हाओ," गजेंद्र म्हणाला. त्यांना ऐकू गेलं नाही. म्हणून त्याने मान डोलावली.