अनिताचं न नांगरलेलं शेत

भात कापल्यावर अनिताच्या शेतात धसकटं तशीच उभी राहत, आणि ती सगळ्या गावाच्या डोळ्यांत खुपत. शेत कसं नांगरून लख्ख पाहिजे. हे काय, न विंचरलेल्या डोक्यासारखं? बायका विचारत, घरात बाप्या हाय का नाय गो? बाप्या होता. विठू धाटावच्या कंपनीत शिफ्ट करत होता आणि येताजाता बायकोच्या शेताकडे बघायचं टाळत होता.

तीन पावसाळे अनिताने जमिनीला नांगर लावू दिला नव्हता. पालापाचोळा जाळून राब भाजायचा नाही, वाफे मोडायचे नाहीत, मुळं आतच कुजू द्यायची, एवढंच ते पेणच्या एका संस्थेने दिलेलं शिक्षण. पहिल्या वर्षी भात बेताचंच आलं आणि गावाला चघळायला विषय मिळाला. यंदा मात्र माती मुठीत भुसभुशीत सुटत होती आणि धसकटांमधून वालाचे कोंब वर आले होते. ह्या एका तुकड्यावर तिचा जीव होता.

तेवढ्यात संस्थेला हे शेत देणगीदार पाहुण्यांना दाखवायची हौस आली. संस्थेच्या सुशीलने अनिताला सकाळीच पेणला, रामवाडीच्या ऑफिसात बोलावलं. कशाला, तर आभार मानायची तालीम करायला. शेत कसणाऱ्या बाईला शेतातून उचलायचं आणि खुर्चीत बसवून शेतीवर बोलायला शिकवायचं, ही अक्कल त्यांनाच सुचू जाणे.

दुपारी ती पाहुण्यांच्याच गाडीतून गावात उतरली. बांधावर मांडव होता, रांगोळी होती, नवा शर्ट घातलेला विठू होता. मागे शेत उलथंपालथं पडलं होतं. वाफा नाही, धसकट नाही, वालाचा एक कोंब नाही. पाहुणे यायचे म्हणून अंगण सारवतात, तसं ह्या शहाण्याने सकाळी पॉवर टिलर आणून शेत साफ करून ठेवलं होतं. चार मोठ्या माणसांनी बायकोला आळशी म्हणू नये, एवढीच त्याची इच्छा.

सुशीलचा चेहरा उतरला. पण लगेच सावरून तो अनिताच्या कानाशी लागला, की ही पुढच्या टप्प्याची तयारी आहे असं सांगा. त्याची गरजच पडली नाही. शेत किती छान ठेवलंय म्हणत पाहुण्यांनी फोटो काढले आणि अनितासाठी आणलेली शाल विठूच्या खांद्यावर घातली. त्यानेही मान वाकवून घेतली.

माईक अनिताच्या हातात आला. तालमीतला एक शब्द तिला आठवेना, आणि बरंच झालं.

"तुमी बघाया आलाव ता शेत सकालपर्यंत व्हता," ती म्हणाली. मग विठूकडे वळली. "गाव हसत व्हता तवा मला लाज नाय वाटली. आज वाटली."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. भाषण संपलं की वाजवायच्या असतात.

अनिता चपला काढून ढेकळांत उतरली आणि फावड्याने माती ओढून पुन्हा वाफा घालायला लागली. विठू शाल सावरत बांधाच्या कडेपर्यंत आला.

"काय करतेस गो?"

"पयला वरीस," ती म्हणाली.