कोंपाद्रे बेलार्मिनो

बेलार्मिनो कुएस्ता आमच्या गावात आला आणि पहिल्याच दिवशी आडवा झाला. पुकामायू चार हजार मीटर उंचीवर. खालून आलेला माणूस इथं जिना चढला तरी धापा टाकतो. हा पठ्ठ्या बसमधून उतरला तो तडक मैदानात गेला, शिट्टी फुंकली आणि पोरांबरोबर धावायला लागला. थोड्याच वेळात कॉर्नरच्या झेंड्यापाशी कोसळला. मी फाटकाशी गरम सालतेन्या, म्हणजे आमच्याकडच्या खिम्याच्या करंज्या, विकत बसले होते. कोकाच्या पानांचा चहा मीच त्याच्या घशात ओतला.

डोळे उघडून म्हणतो कसा, "काळजी करू नका बाई. मी अस्तुरियासचा, खाणकामगाराचा मुलगा आहे. मला काही होत नाही."

मी म्हटलं, "खाण जमिनीखाली असते, प्रोफे. इथं तुम्ही ढगात आलायत."

फुटबॉल शिकवणाऱ्याला आमच्याकडे प्रोफेच म्हणतात, मग तो शाळेत गेलेला असो वा नसो. हा स्पेनमध्ये दुसऱ्या श्रेणीत बरीच वर्षं बचावाला खेळलेला. गुडघा गेला, खेळ संपला, आणि मग जिथं कुणी बोलावील तिथं शिकवायला जायचं असं त्याचं आयुष्य. आमच्या क्लबाने बोलावलं, कारण त्याहून स्वस्त कुणी मिळालं नव्हतं.

आता आम्ही खाली कोचाबांबाला राहतो. इथं ऊब आहे, फळं आहेत, सांधे दुखत नाहीत. पण खरं सांगते, माझा जीव अजून त्या उजाड, गवत नसलेल्या मैदानात आहे. वाऱ्यानं ओठ फुटायचे, सालतेन्या हातातून तोंडात जाईस्तोवर गार व्हायच्या, आणि तरी रविवारी गावात चूल पेटायची नाही, सगळे मैदानात. माझा नवरा तोरिबियो कोल्के त्या संघाचा गोलकीपर. सकाळी खाणीत, दुपारी गोलात. असा रुबाबदार दिसायचा की त्याच्याशी लग्न केल्याबद्दल निम्म्या गावाने माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

बेलार्मिनोला फुटबॉल कळत होता, आमची माणसं कळत नव्हती. पहिल्या महिन्यातच एलेउतेरियो नावाचा आमचा आघाडीचा खेळाडू पाव आणि बिअर घेऊन त्याच्या दारी गेला आणि म्हणाला, "माझ्या मुलाचं जावळ तुमच्या हातून काढायचंय." बेलार्मिनो खूश. गेला, बट कापली, नाचला, प्यायला. पण जावळाची पहिली बट कापणारा त्या पोराचा धर्मबाप होतो आणि पोराच्या आईबापांचा कोंपाद्रे. कोंपाद्रे म्हणजे व्याह्याच्या वरचं नातं. त्याच्यावर आवाज चढवायचा नाही, चारचौघांत त्याचा पाणउतारा करायचा नाही, त्याला वाईट म्हणायचं नाही. मेल्यावरसुद्धा नाही. पुढच्याच रविवारी प्रोफेने एलेउतेरियोला बाहेर बसवलं. गावात असा गहजब झाला की पाद्रीसुद्धा त्याला समजावायला गेला.

झालं! पोरांना युक्ती सापडली. ज्याची जागा डळमळीत, तो पाव आणि बिअर घेऊन प्रोफेच्या दारी. ज्याला मूल नव्हतं त्याने पुतण्या नेला. अशा मागणीला नाही म्हणणं म्हणजे तोंडावर थुंकणं, आणि एवढं तोवर बेलार्मिनोला कळलेलं. वर्षभरात जवळजवळ सगळा संघ त्याचा कोंपाद्रे झाला. बिचाऱ्याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार! चिडला की मैदानामागं जायचा, डोंगराकडे तोंड करून स्वतःच्या भाषेत शिव्या हासडायचा, आणि परत येऊन म्हणायचा, "कोंपाद्रे, फार तसदी होत नसेल तर त्यांच्या नऊ नंबरवर जरा लक्ष ठेवाल का?"

फक्त तोरिबियो गेला नाही. आमच्या पोरीचे, नेलिदाचे, केस कमरेकडे निघाले होते. मी रोज मागं लागायची.

"अरे जा की! सगळे गेले."

"मुलीच्या केसांनी त्याचं तोंड बांधू? मी खेळतो म्हणून गोलात आहे, इलारिया."

खेळत होता, पण त्याचा उजवा खांदा गेला होता. सदरा मी चढवायची. बाहेर कुणाला पत्ता नव्हता, निदान मला तसं वाटत होतं.

तिसऱ्या वर्षी शेवटच्या सामन्यावर सगळं येऊन ठेपलं. बरोबरी झाली तरी पहिल्या श्रेणीत राहणार, हरलो तर खाली. तोरिबियोने सांगून टाकलं होतं की यानंतर हातमोजे खुंटीला. आणि त्याच आठवड्यात गावात कुजबुज सुरू झाली की रविवारी प्रोफे एफ्राइनला, नव्या पोराला, गोलात उभा करणार. तोरिबियो रात्रभर कूस बदलत होता. इतकी वर्षं ज्या गोलात काढली तिथून शेवटच्या दिवशी हाकलला जाणार, हे मला बघवेना. त्याला न सांगता मी पाव घेतला, बिअर घेतली, नेलिदाला कडेवर घेतलं आणि प्रोफेचं दार वाजवलं. आजही तीच वेळ आली तर तेच करीन.

त्याने पावाकडे पाहिलं, मग पोरीच्या केसांकडे.

"इलारियाबाई, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता?"

"बरं, नाही लपवत. त्याला रविवारी खेळू द्या."

"सोमवारी या. सोमवारी तुम्ही मागाल ते. आज मी हे घेतलं तर त्याचा खांदा मला दिसेनासा होईल."

"म्हणजे माझ्या पोरीला नाही म्हणताय?"

"आज नाही म्हणतोय."

मी पाव उचलला. म्हटलं, "तुमच्या हाताला माझ्या पोरीचा केस लागणार नाही, प्रोफे. मरेपर्यंत."

रविवारी एफ्राइन उभा राहिला. तोरिबियो बाकावर, पाठ ताठ, कुणाकडे न बघता. शेवटच्या क्षणापर्यंत बरोबरी होती. मग त्यांच्या एकाने मैदानाच्या मधून फटका मारला. आमच्या विरळ हवेत चेंडू खाली झुकत नाही, सुटतो तो सुटतोच. वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला. एफ्राइनची बोटंसुद्धा लागली नाहीत.

मग कुणीतरी ओरडलं, "तोरिबियो असता तर!" बघता बघता सगळं मैदान त्याच्या नावाचा गजर करायला लागलं. बेलार्मिनोवर संत्र्यांच्या साली, दगड, काय काय पडलं. लोकांनी माझ्या नवऱ्याला खांद्यावर घेतलं. हरलेल्या सामन्यात न खेळलेल्या माणसाची मिरवणूक निघालेली मी तेवढी एकच पाहिली. आणि मीही त्या गर्दीत नाचले, लपवू कशाला?

दुसऱ्या दिवशी क्लबाने बेलार्मिनोला काढून टाकलं. सोमवार होता, पण मी गेले नाही.

गावातून बस सुटायची त्या सकाळी तोच आमच्या दारात उभा राहिला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पाव आणि बिअर. कोंपाद्रे होणारा माणूस स्वतः मागायला आलाय, हे म्हणजे देवानंच भक्ताला नवस बोलण्यासारखं. तोरिबियो उंबऱ्यात उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

बेलार्मिनो म्हणाला, "मला शेवटच्या सामन्यात माझ्या मामाने खेळवलं. तो आमचा प्रशिक्षक होता. माझा गुडघा गेलेला त्याला ठाऊक होतं, पण भाच्याला नाही म्हणवेना. मी घसरलो, गोल झाला, आम्ही खालच्या श्रेणीत गेलो. अकरा वर्षं खेळलो होतो, तोरिबियो. गावाला तेवढा एक गोल लक्षात राहिला. गुत्त्यात शिरलो की लोक पाठ फिरवायचे. माझ्या आईला बाजारात टोमणे मारायचे. म्हणून मी देश सोडला. गुडघ्यासाठी नाही."

तोरिबियोने त्याच्या हातातल्या पावाकडे पाहिलं.

"आता मी कुणाचाच प्रोफे नाही. मला कोंपाद्रे करून तुम्हाला काहीएक मिळणार नाही. म्हणून आज मागायला आलोय."

माझ्या डोळ्यांना धार लागली. माणसाने तोरिबियोच्या वाटणीच्या शिव्या स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि आपण त्याच्या नावाने बोटं मोडत बसलो! तोरिबियो हळूच म्हणाला, "तो चेंडू मलाही अडवता आला नसता."

"ठाऊक आहे."

"गावात बोलू नका."

"कोंपाद्रेची गोष्ट कोंपाद्रे बाहेर नेत नाही," बेलार्मिनो म्हणाला आणि आत आला. नेलिदाने असं भोकाड पसरलं की बट कापायला तिघं लागलो. बस त्याच्यासाठी थांबली. चालकही त्याचा कोंपाद्रेच होता.

पुढं तो पाराग्वाय, होंदुरास असं कुठं कुठं शिकवत फिरला आणि शेवटी आपल्या अस्तुरियासला परतला. दर वर्षी कार्निवलच्या आधी कोंपाद्रेंचा गुरुवार येतो तेव्हा त्याचा फोन यायचा आणि दोघं म्हातारे फुटबॉलवरून भांडायचे. पण त्या गोलाचा विषय त्याने कधी काढला नाही. पुकामायूत त्याच्या नावाने लोक थुंकत राहिले आणि तोरिबियोला फुकट बिअर पाजत राहिले.

गेल्या हिवाळ्यात बेलार्मिनो गेला. नंतरच्या कोंपाद्रेंच्या गुरुवारी आमच्या अंगणात पुकामायूची जुनी मंडळी जमली होती. दोन ग्लास झाल्यावर खाणीतला जुना मुकादम दामासो नेहमीप्रमाणे सुरू झाला, "त्या स्पॅनिश गाढवाने तुला खेळवलं असतं तर आज आपण..."

तोरिबियो उठला. सत्तरी ओलांडलेला माणूस.

"माझा खांदा गेला होता. हात डोक्यावर जात नव्हता. तो चेंडू मला अडवता आला नसता, दामासो. त्याने बरोबर केलं. माझी लाज राखायला जन्मभर शिव्या खाल्ल्या."

मला वाटलं, सुटला बिचारा. दोघंही सुटले.

मग दामासोने डोळे पुसले, तोरिबियोच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "वा! याला म्हणतात माणूस. कोंपाद्रे मेला तरी त्याला वाईट म्हणत नाही." सगळ्यांनी ग्लास उंचावले, तोरिबियोच्या नावाने.

तोरिबियो केविलवाणा होऊन माझ्याकडे बघायला लागला, तू तरी सांग म्हणून. मी तोंड उघडलं आणि मिटलं. पोरीच्या जावळाची पहिली बट त्या माणसाने कापलेली, म्हणजे तो माझाही कोंपाद्रे. माझ्यावर तरी कोण विश्वास ठेवणार होतं?