टोळ पडला तेव्हा मी चालू होतो

मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे आणि मी चिडलेला आहे. रीत म्हणून तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणतो, पण त्यावर फार जाऊ नका. मैत्रीच्या नावाखाली काय काय चालतं ते मी भिंगातून पाहिलं आहे.

कारखान्यात माझी भिंगं बसवणाऱ्या बायका तोंडाला फडकं बांधत, काचेवर श्वासही पडू नये म्हणून. तेवढी काळजी पुन्हा कुणी घेतली नाही. पहिल्या मालकानं मला वर्षानुवर्षं सत्कार आणि भाषणं पाहायला लावली. त्याला नवा कॅमेरा मिळाला तेव्हा त्यानं मला विकून टाकलं, आणि मी ताईकडे आलो.

ताई दातांच्या कवळ्या बनवायच्या प्रयोगशाळेत काम करायची. मेणात एकेक दात बसवून तिचा हात असा स्थिर झाला होता की धावतानाही मी हलत नसे. तिच्या धाकट्या भावाला सगळे टोळ म्हणत. त्याच्याकडे बीएमएक्स सायकल होती. चाकं छोटी, सीट खाली, टायर जाड. ती सायकल घेऊन तो पायऱ्यांवरून उड्या मारी आणि जिन्याच्या रेलिंगवरून घसरत खाली येई. चाकाच्या आसाला लावलेल्या लोखंडी नळ्या रेलिंगवर घासल्या की ठिणग्या उडत. ताई पोटावर झोपून ते टिपायची. धूळ खाल्ली, पेडल लागून ओरखडे आले, तरी ते दिवस चांगले होते. एवढं मी कबूल करतो.

मग आमच्या सायकलवाल्या पोरांच्या टोळक्यात कप्तान आला, म्हणजे त्याची व्हॅन आली. आठवडाभर त्या व्हॅनमधून त्याच्या वडिलांच्या बेकरीचा पाव जाई, रविवारी आमच्या सायकली. गावोगाव हिंडायचं, नवे जिने शोधायचे, चित्रीकरण करायचं. पावाचा चुरा माझ्या टेपच्या खाचेत शिरायचा. आजूबाजूच्या प्रत्येक गावात असं एक टोळकं होतं. वर्षातून एकदा सगळे एका रिकाम्या गोदामात जमत आणि आपापले व्हिडिओ दाखवत. ज्याला जास्त टाळ्या, तो वर्षभर मिरवणार. खेळ कसला, नुसती खुन्नस होती.

सगळ्यात जास्त खुन्नस नदीपलीकडच्यांशी. त्यांचा म्होरक्या पंक्चर काढायचं दुकान चालवायचा, म्हणून आमची पोरं त्याला पंक्चरवालाच म्हणत. त्यांच्या गावात एक बंद पडलेलं थिएटर होतं. त्याच्या लांबलचक रेलिंगवरून पडून पंक्चरवाल्यानं गळपट्टीचं हाड मोडून घेतलं होतं.

कप्तान म्हणाला, “तेच रेलिंग टोळ मारणार. त्यांच्याच गावात जाऊन त्यांचं नाक कापायचं.”

आम्ही भर दुपारी पोचलो. टोळ तयारी करत होता तेवढ्यात पंक्चरवाला दोन साथीदारांसह सायकलवरून आला.

“कुणाला विचारून आलात?”

“रेलिंग काय तुझ्या बापाचं आहे?” कप्तान म्हणाला.

“बापाचं नाही. पण खालचा खांब सैल झालाय. आज नका मारू.”

“टरकली बघा याची!” कप्तान हसला. व्हॅनमधले सगळे हसले. टोळानं ते हसू ऐकलं आणि पेडल मारलं.

तो रेलिंगवर चढला, सुंदर घसरला, आणि खालचा खांब उपटून निघाला. टोळ पाठीवर आपटला, डोकं पायरीच्या कडेला लागलं. हात पुढे करून पंक्चरवाला धावला. ताईनं मला पायरीवर टाकलं आणि तीही धावली. मी आडवा पडलो, पण चालू होतो.

कप्तान टोळाला बगलेत धरून उठवू लागला. पंक्चरवाल्यानं त्याला ढकलून दिलं. “हात लावू नकोस, गाढवा! मानेला लागलं असलं तर जन्माचा लोळागोळा होईल!” मग त्यानं तापलेल्या फरशीवर गुडघे टेकले आणि दोन्ही तळहातांत टोळाचं डोकं धरलं. अँब्युलन्स येईपर्यंत तो आम्हा सगळ्यांना शिव्या घालत होता. टोळाला, कप्तानाला, ताईला, आमच्या गावाला. तोंड थांबलं नाही आणि हात हलले नाहीत.

मानेच्या मणक्याला चीर होती. डॉक्टर म्हणाले, कुणी ओढाताण केली असती तर पाय गेले असते.

ताई दवाखान्यात होती तेव्हा कप्तानानं माझ्यातलं चित्रीकरण आपल्या संगणकावर उतरवून घेतलं. त्यानं काय केलं, ऐका. आधी पंक्चरवाला हात पुढे करून धावतो, मग टोळ पडतो, असं जोडलं. खांब उपटलेला कापून टाकला. वर ढोल, वर संथ गती. बघणाऱ्याला वाटावं, त्यानंच ढकललं! तो तुकडा त्यानं इंटरनेटवर टाकला आणि गावोगावची पोरं पेटली. पंक्चरवाल्याच्या दुकानावर दगड आले, शटरवर डांबर आलं. रस्त्यात त्याला ‘ढकल्या’ म्हणून हाका मारू लागले.

व्हॅनमधल्या प्रत्येकानं खरं काय ते पाहिलं होतं. प्रत्येकानं टाळ्या वाजवल्या.

आणि टोळ? तो घरी मानेला पट्टा लावून पडला होता, मोबाइलवर स्वतःचं कौतुक वाचत.

ताई म्हणाली, “अरे, त्यानं तुझी मान सांभाळली.”

“मला कुठे काय दिसत होतं? मी आडवा होतो.”

“कान तर होते ना?”

त्यानं मोबाइल उशीवर उलटा ठेवला. “ताई, पहिल्यांदा लोक माझं नाव घेतायत गं. राहू दे ना.”

ती उठली आणि मला पिशवीत घालून बसनं नदीपलीकडे गेली. पंक्चरवाल्यानं तिला ‘बस’ असंही म्हटलं नाही. तिनं मला त्याच्या दुकानातल्या टीव्हीला जोडलं, सगळी टेप दाखवली. तो ट्यूब घासत उभा राहिला.

“हे मला कशाला दाखवतेस?” तो म्हणाला. “मी तिथेच होतो की.”

 तिनं माझी वायर गुंडाळली आणि निघाली.

गोदामातल्या मेळाव्याला सगळी गावं जमली. कप्तानाचा व्हिडिओ संपताच ताई पुढे गेली आणि मला पडद्याच्या यंत्राला जोडू लागली. कप्तानानं ओळखलं. त्यानं वायर हिसकली आणि मला सिमेंटच्या जमिनीवर आपटलं. माझं भिंग तडकलं. त्यानं टेप बाहेर ओढली, बोटांना गुंडाळून तोडली.

“दाखव आता,” तो म्हणाला.

गोदामात कुणी हललं नाही. ताईनं माझ्याकडे पाहिलंच नाही. ती टोळाकडे बघत राहिली. तो पहिल्या रांगेत होता, मानेला अजून पट्टा. मान वळवता येईना, म्हणून अख्खा वळून तो लोकांसमोर उभा राहिला.

“कुणी ढकललं नाही,” तो म्हणाला. त्यानं पंक्चरवाल्याकडे हात केला. “खांब सैल होता. यानं आधीच सांगितलं होतं. मी चालतोय तो याच्यामुळे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

कुणी टाळी वाजवली नाही. पंक्चरवाला उठला. “फार लवकर बोललास,” एवढंच म्हणाला आणि आपली माणसं घेऊन निघून गेला. कप्तान व्हॅन घेऊन पळाला. बहीणभाऊ बसनं परतले.

मला दुरुस्त करायला सुटे भाग मिळत नाहीत. मी आता प्रयोगशाळेच्या फळीवर असतो, कवळ्यांच्या साच्यांशेजारी. पुढचं मी तिथेच ऐकलं, ताई सोबतिणीला सांगत होती तेव्हा. पट्टा निघाल्यावर टोळ रॉकेल आणि पत्रा घेऊन नदीपलीकडे गेला आणि दिवसभर शटरवरचं डांबर खरवडत बसला. पंक्चरवाल्यानं त्याला पाणीही विचारलं नाही. संध्याकाळी फक्त बाहेर येऊन म्हणाला, “खालचा कोपरा राहिलाय.” टोळ खाली बसला आणि कोपरा खरवडू लागला.

तर मित्रांनो, कॅमेरे जपा. भिंग पुसा, टेप कोरडी ठेवा, पावाच्या व्हॅनमध्ये उघडे टाकू नका. पण डोळ्यांसमोर एखाद्याचा बळी जात असेल, तर कॅमेऱ्याची वाट बघत बसू नका. टोळानं जे सांगितलं त्याला भिंग लागलं नाही, वायर लागली नाही. ते तो अंथरुणात पडल्या पडल्याही सांगू शकला असता.