मांजराची पहिली धार

बाळासोंच्या घरात म्हशीची पहिली धार मांजराची, असा नियम होता. नियम पाळण्यात बाळासोंचं फारसं नाव नव्हतं. डॉक्टरांनी बंद केलेली तंबाखू ते डॉक्टरांच्याच पायरीवर बसून मळत. पण हा नियम त्यांनी पंचेचाळीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. पहाटे गोठ्यात जायचं, रेडकू पाजायला सोडायचं, म्हैस पान्हावली की रेडकू बाजूला बांधायचं आणि पहिली धार कोपऱ्यातल्या पितळी वाटीत मारायची. मांजराचं तोंड वाटीत गेलं की मग म्हैस घेऊन गंगावेशीच्या कट्ट्यावर निघायचं. तिथं धारोष्ण दुधासाठी माणसं पेले घेऊन उभी असत. कुणी पैलवान असो की वकील, बाळासोंच्या म्हशीचं दूध त्याला मांजराच्या मागूनच मिळायचं, आणि बाळासो हे त्याला तोंडावर सांगत.

हा नियम घालून दिला बयाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं. गारगोटीहून लग्नाच्या ट्रकातून त्या आल्या तेव्हा नवरीच्या मांडीवर फडक्यानं बांधलेली बांबूची एक बुट्टी होती. सासरच्या बायकांना वाटलं, करंज्या असतील. फडकं सोडलं तर आतून पांढरं पिल्लू निघालं आणि थेट पेंडीच्या पोत्यांवर जाऊन बसलं. सासू बघतच राहिली. नवी सून म्हणाली, "बाबा घर बघाय आलतं तवा पेंडीत उंदरं बघून गेलतं. म्हणून आणलीया."

सासरात तोंड उघडून बोललेलं हे पहिलं वाक्य. गल्लीत ते महिनाभर पुरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती पितळी वाटी घेऊन गोठ्यात आली आणि म्हणाली, "आदी हिला." बाळासोंनी मुकाट्यानं धार मारली. त्या दिवसांत तिनं म्हैस माडीवर चढवायला सांगितली असती तरी त्यांनी दोर शोधला असता.

त्या पिल्लाला पुढं पिल्लं झाली, त्या पिल्लांनाही झाली. गोठ्यातल्या वैरणीच्या गंजीत वर्षातून दोनदा बाळंतपण ठरलेलं. बाळासो कट्ट्यावरून परतले की हातपाय न धुता गंजीपाशी जाऊन वाकत. मिटल्या डोळ्यांची, एकमेकांच्या अंगावर चढणारी ती पिल्लं बघण्यात त्यांची न्याहारी थंड होई. थोडे दिवस गेले की त्यातली एकेक दिसेनाशी व्हायची.

"बया, ते ठिपक्याचं कुठं गेलं गं?"

"हुपरीला दिलं. पैंजणवाल्यांच्यात."

"आणि काळं?"

"उचगावला."

बाळासोंची छाती फुगायची. हुपरीतल्या निम्म्या घरांतली चांदी आपल्याच मांजरांच्या राखणीत असते, असं ते कट्ट्यावर ठोकून सांगत. त्यांचा आणखी एक किस्सा तिथं हमखास चाले. एकदा बयाबाईंनी त्यांना विचारलं होतं, "अवो, माणसांच्यागत मांजरीचं आपरेशन करत्यात का कुठं? दवाखान्यात इचारून बघा की." बाळासो हसता हसता म्हशीला टेकले होते. "मांजरीचं आपरेशन! मग खाट टाकूया का तिला दवाखान्यात? डबा कोण न्यायचा?" हे सांगून त्यांनी वीस-पंचवीस वर्षं लोकांना हसवलं. पेल्यातलं दूध नाकात जाईपर्यंत माणसं हसत.

बयाबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या मागं गोठ्यात दोनाची एक म्हैस राहिली आणि घरात बाळासो एकटे. भाद्रपदात घरची मांजरी रस्त्यावर गाडीखाली सापडली. तिचं एकच पिल्लू मागं उरलं, श्रावणात जन्मलेलं, दुधावरच्या सायीच्या रंगाचं. त्याचं नाव साय ठेवलं. गारगोटीहून बुट्टीतून जे आलं होतं, त्यातलं घरात आता एवढंच उरलं होतं. रिकामी बुट्टी आढ्याला टांगलेली होती आणि साय तिच्याकडं बघून उड्या मारायची. बाळासो ते बघत बसायचे, आणि बघता बघता त्यांना घरात कुणीतरी वावरतंय असं वाटायचं.

मुलगी संयोगिता उचगावला दिलेली, तिथंच शाळेत शिकवायची. दर रविवारी स्कूटरवरून येऊन बापाचं घर झाडून, त्याला चार शब्द सुनावून जायची. पौषातल्या एका रविवारी केर काढता काढता ती म्हणाली, "आबा, साय पाच महिन्याची झाली. तिचं ऑपरेशन करून घ्यायला पायजे. आमच्याकडं जनावरांच्या तेजस्वी डॉक्टर हायत, त्या म्हणाल्या पहिल्यांदा माजावर यायच्या आत केलेलं चांगलं."

"कुणाला चांगलं?"

"तिला."

"तिला इचारलंस?" बाळासोंनी सायीला मांडीवर ओढलं. "एक वेत तरी हुंदे की पोरी. एकदा व्याली की मग काय करायचं ते करा. वेताशिवाय जनावराच्या अंगात बळ धरत न्हाय."

"ती म्हैस न्हाय आबा."

"मग काय वाघ हाय?"

"तेजस्वी डॉक्टरना हेबी इचारलं मी. एक वेत व्हायलाच पायजे असं काय नसतं म्हणाल्या. आणि भिंतीवर बघा की कोण बसलंय."

भिंतीवर एक बोका बसला होता. मुंडकं नारळाएवढं, एक कान फाटलेला. सगळं घर आपल्या नावावर असल्यासारखा तो खाली बघत होता. बाळासोंनी त्याला चप्पल फेकून मारली. चप्पल शेजाऱ्यांच्यात पडली, बोका जागचा हलला नाही. शेवटी गुरुवार ठरला. बुधवारी संध्याकाळी संयोगितानं फोनवरून तीनदा बजावलं, रात्रीचं खाणं झालं की सकाळी सायीच्या पोटात काही जाता कामा नये.

गुरुवारी बाळासोंनी सगळं नीट केलं. बुट्टी उतरवली, झटकली, आत बयाबाईंच्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला. सायीला घेऊन रिक्षानं उचगाव गाठलं. संयोगिता दवाखान्यात आधीच येऊन बसली होती. तेजस्वी डॉक्टरांनी, तिशीतल्या हसऱ्या बाईंनी, सायीला तपासलं आणि विचारलं, "सकाळपासून काही दिलं नाही ना, काका?"

"काय न्हाय. आपली पहिली धार तेवढी."

संयोगितानं कपाळाला हात लावला.

"पोटात दूध असलं तर भूल देता येत नाही हो," डॉक्टर म्हणाल्या. "ते घशात येतं, जिवावर बेततं. पुढच्या आठवड्यात बघूया."

बाहेर येताच संयोगिता कडाडली, "मुद्दाम केलासा तुमी!"

"म्हशीची शपथ! हात आपसूक गेला गं. पंचेचाळीस वर्षांची खोड हाय, त्येला काय ठावं आज गुरुवार हाय म्हणून?"

हे खरंच होतं. पण परतीच्या रिक्षात मांडीवरच्या बुट्टीतून सायीचं डोकं वर आलं तेव्हा त्यांना इतका आनंद झाला, की तो लपवायला त्यांनी उगीच रिक्षावाल्याला ऊसदराचं विचारलं.

मग सबबींचा पाऊस सुरू झाला. पुढच्या गुरुवारी अमावस्या निघाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हशीला कसकस वाटत होती, आणि म्हैस बरी झाली तेव्हा बाळासोंना स्वतःलाच कसकस वाटू लागली. तोवर माघ निम्मा सरला. एका सकाळी ते कट्ट्यावरून परतले तर बोका भिंतीवरून खाली उतरून गंजीच्या कडेला बसला होता, आणि साय शेपटी उभारून त्याच्या समोर. बाळासोंनी त्याला हाकललं खरं, पण मनातून त्यांना बरं वाटलं. पंधरा दिवस गप्प बसलं तर काम आपोआप होणार होतं. गंजीत पुन्हा पिल्लं येणार होती.

रविवारी संयोगिता आली. गोठ्यात त्याच बोक्याला बघून ती काय समजायचं ते समजली. झाडू खाली ठेवून ती बापाच्या समोर बसली.

"आबा, खरं सांगा. काय हाय तुमच्या मनात?"

बाळासोंनी तंबाखू मळायला घेतली. मग ती तशीच हातात धरून म्हणाले, "तुज्या आईची एवढीच खूण राहिलीया गं. बुट्टीतनं आलती तिची घरात ही शेवटची. हिचं आपरेशन केलं की गारगोटी सपली. मी एकला कुणाकडं बघू? त्या गंजीत पिल्लं असली की तुजी आई घरात हाय असं वाटतंय मला." आणि एकदम ते ओरडले, "एक वेत! एवढंच मागतोय की नव्हं?"

संयोगिता उठली आणि त्यांचा हात धरून त्यांना घरामागच्या परड्यात घेऊन गेली. परड्यात जास्वंद होती, पुरुषभर उंच. तिच्या बुंध्याभोवती पंचगंगेतले गोल दगड एकाला एक लावलेले होते, दोन फेरे पूर्ण आणि तिसरा अर्धा.

"ही दगडं कशाची?"

"कशाची म्हंजे? जास्वंदीची. तुजी आई धुणं घेऊन पंचगंगंवर जायची तवा एकेक आणायची. हौस हुती तिला."

"एकेका दगडाखाली एकेक पिल्लू हाय आबा."

बाळासोंची नजर दगडांच्या फेऱ्यांवरून फिरली.

"बोका मारायचा," संयोगिता सांगू लागली. "न्हायतर आजारानं मरायची. थंडीच्या दिवसांत तर जास्तच. तुमी पहाटं कट्ट्यावर गेलासा की आई गंजीत हात घालून बघायची. गेलेलं असलं की पदरात घेऊन हितं यायची. मी फुलं तोडायच्या निमतानं संगट असायची. खुरपं माज्या हातात असायचं."

"मग हुपरीला दिलं, उचगावला दिलं ते?"

"दिली असतील चार-दोन. बाकीची हितंच हायत."

"मला का न्हाय सांगितलं?"

"ती म्हणायची, तुज्या आबास्नी सांगू नगं, त्यांला पिल्लांचं लई येड हाय, कट्ट्यावरनं आलं की पहिलं गंजीत वाकत्यात." संयोगितानं डोळे पुसले. "एका हिवाळ्यात एका आठवड्यात चार गेली. तवाच तिनं तुमाला आपरेशनचं इचारलंतं."

बाळासो जास्वंदीपाशी खाली बसले. इतकी वर्षं ते रोज हात धुतलेलं पाणी इथं ओतत होते. पाहुण्यांना हौसेनं दाखवत होते, बघा आमच्या मंडळींनी काय आळं बांधलंय. आणि तो किस्सा. खाट टाकूया का, डबा कोण न्यायचा. बायकोनं अख्ख्या संसारात मागितल्या त्या दोनचार गोष्टी. त्यातल्या एकीवर त्यांनी पंचवीस वर्षं माणसं हसवली होती, आणि त्या हसण्याच्या गोष्टी ती घरात बसून ऐकून घेत होती. त्यांना एकदम तिचा राग आला, का बोलली नाहीस म्हणून. मग आठवलं, ती बोलली होती.

त्यांनी एक दगड उचलायला हात लावला आणि हात तसाच मागं घेतला.

"कवा घेत्यात त्या डॉक्टरीण बाई?" त्यांनी विचारलं.

"मंगळवारी जमंल."

"मंगळवारी तर मंगळवारी."

मंगळवारी पहाटे ते गोठ्यात गेले तेव्हा साय वाटीपाशी हजर होती. रेडकू सोडलं, म्हैस पान्हावली, रेडकू बांधलं. पहिली धार वाटीत वाजली तशी सायीनं पुढं उडी घेतली. बाळासोंनी वाटी उचलून डोक्याच्या वर धरली. साय त्यांच्या धोतराला नखं लावून वर चढू लागली, ओरडू लागली. "आज न्हाय बया," ते सायीला म्हणाले, आणि कुणाचं नाव घेतलं हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सायीला बुट्टीत घालून वरून फडकं बांधलं. मग वाटी घेऊन ते परड्यात गेले. जास्वंदीच्या बुंध्याशी वाकून त्यांनी दूध ओतायला सुरुवात केली, बारीक धारेनं, एकेका दगडावर थोडं थोडं. सगळ्यांना पुरलं नाही. ते परत गोठ्यात गेले, आणखी दोन धारा मारून आणल्या आणि राहिलेल्या दगडांवर ओतल्या. त्या दिवशी कट्ट्यावर म्हैस गेली नाही. पेले घेऊन उभी राहिलेली माणसं थोडा वेळ वाट बघून दुसऱ्या म्हशीकडं वळली.

दवाखान्यात तेजस्वी डॉक्टरांनी बुट्टीचं फडकं सोडलं आणि आधीच विचारलं, "काका, आज तरी नक्की काही दिलं नाही ना? पहिली धार?"

"न्हाय बाई. पहिली धार आज हिच्या मावश्यांस्नी दिली."

डॉक्टर गोंधळून संयोगिताकडं बघू लागल्या. संयोगिता बापाकडं बघत होती. तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "घ्या डॉक्टर. साय उपाशी हाय."