मागची सीट

परदेशात माणसाला करमत नाही, मग तो काहीतरी खूळ डोक्यात घेतो. याने गाडी घेतली. तीही जुनी जपानी स्पोर्ट्स कार, इतकी गंजलेली की दाराला हात लावला तरी पत्र्याचा भुगा पडायचा. शेजारी हसले. बायको मात्र हसली नाही. गॅरेजमध्ये डोकावून तिने एवढंच विचारलं, "मागे सीट आहे ना रे?"

होती, नावाला. मोठं माणूस बसलं तर गुडघे हनुवटीला टेकतील. "लहान मूल बसेल," ती म्हणाली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. डॉक्टर बदलून झाले होते, तिच्या पोटावर इंजेक्शनांचे निळे डाग होते.

ती सीट मग तिनेच हातात घेतली. फाटकं कव्हर उसवलं, मापाचं नवं कापड बेतलं, आत दुप्पट फोम भरला. तो इंजिन उतरवून बसलेला, ती शिवणयंत्रावर. काय ती जोडी! सुट्टीच्या दिवशी स्वयंपाक राहून जायचा, पण भांडण म्हणून व्हायचं नाही.

गाडी चालू लागली आणि तिथेच माशी शिंकली. नुसती चालून भागेना, ती पळायला हवी. इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो बदलला, ब्रेक बदलले, तरी याचं समाधान नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, वजन कमी कर, मागचं सगळं काढून टाक, सगळे तेच करतात. खरंच करतात हो, या गाडीवेड्यांना त्यात काही वाटतच नाही. यालाही वाटलं नाही. शहाण्याने सीट काढली, जाहिरात टाकली, आणि एक बेकरीवाला ती घेऊनही गेला.

संध्याकाळी ती गॅरेजमध्ये आली. गाडीत मागे नुसता रंगवलेला पत्रा.

"सीट कुठंय?"

"काढली! गाडी केवढी हलकी झालीय सांगू..." तिचा चेहरा बघून तो मध्येच थांबला.

"म्हणजे तू आशा सोडलीस," ती म्हणाली. "मला सांगायचंस तरी. मी आपली एकटीच वाट बघत बसले."

 आशाबिशा त्याने काही सोडली नव्हती. अहो, त्याच्या डोक्यात फक्त वजन होतं! पण ते त्याने कितीही सांगितलं तरी तिला पटेना. पटावं तरी कसं? इतके महिने ती ज्याच्यासाठी टाके घालत होती, ते याने स्क्रू काढताना एकदाही आठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो सीट परत मागायला बेकरीवाल्याकडे गेला. दुकानासमोरच त्याची तसलीच गाडी उभी होती, दार उघडं. मागे बायकोने शिवलेली सीट, आणि तिच्यावर बेकरीवाल्याची चिमुरडी गाढ झोपलेली. बेकरीवाला पाव उतरवता उतरवता कौतुकाने म्हणाला, आधीच्या सीटवर ही सारखी कुरकुरायची, आता उठायचं नाव घेत नाही. मग याने सीटचा विषयच काढला नाही. तसाच परत आला.

ती दारातच उभी होती. "नाही दिली त्याने?"

"मी मागितलीच नाही. त्याची मुलगी झोपली होती तिच्यावर."

 तिने विचारलं, "केवढी आहे?"

"असेल चारेक वर्षांची."

"नीट मावते?"

"हो. चांगली पाय पसरून झोपली होती."

तेव्हा ती रडली. इतक्या डॉक्टरांसमोर कधी रडली नव्हती, ती दाराला धरून हुंदके देत रडली. रडतानाच म्हणाली, "आता थांबू या रे. ती इंजेक्शनं, ते सगळं. नको आता."

नाही म्हणायला त्याचा जीव तळमळत होता. पण कुठल्या तोंडाने म्हणणार? त्याने तिला जवळ घेतलं आणि म्हणाला, "बरं. थांबू या."