सत्तेचाळीसाव्या पानातल्या काड्या

विद्यापीठात नव्याने येणाऱ्यांनी उन्हाळ्यात एकच पुस्तक वाचून यायचं, अशी योजना निघाली. पुस्तकं कमी पडली म्हणून धानोरा तालुक्यातल्या आम्हा सहा जणांत एक प्रत आली. वाचायचं, मागे सही करायची, पुढच्याला द्यायचं. शेवटच्याने दहा जूनला तीनच्या एसटीत कंडक्टरकडे सोपवायचं. एक सही राहिली तर सहाही प्रवेश रद्द. विद्यापीठाला एकी फार आवडते.

मी पाचवा. सहावी दिव्यानी, जंगलापलीकडच्या गावची. मध्ये चार किलोमीटर पायवाट.

पुस्तक म्हणजे एका निवृत्त रेंजरच्या आठवणी. माझ्याकडे आलं तेव्हा ते मिटतच नव्हतं. सत्तेचाळीसाव्या पानात चार वाळक्या काड्या होत्या. त्या पानावर देवाजीला वाघाने नेल्याची हकीकत होती. देवाजी आमच्याच गावचा. पायवाटेवर जिथे तो सापडला, म्हणजे जेवढा सापडला, तिथे काड्यांचा ढीग आहे. येणारा-जाणारा एक काडी मोडून टाकतो. ढिगातली काडी कोणी उचलत नाही, घरात सरपण असो-नसो. माझ्या आधीच्या चौघांनी, चौथ्या सीतेनेही, पुस्तकात तेच केलं होतं.

मला हसू आलं. आमच्या घरी असलं काही मानत नाहीत. मी काड्या काढल्या, पान वाचलं, सही केली. काड्या अंगणातल्या चुलीत घातल्या. चहा बरा झाला.

दुसऱ्या दिवशी चुलीभोवती वाघाचे पंजे उमटलेले. फॉरेस्ट गार्ड पवनभाऊ वाकून माप घेत होते.

"शेळी नाई नेली, कुत्रं नाई नेलं," ते म्हणाले. "सीधा तुमच्या चुलीपाशी येऊन बसला न गेला. काऊन?"

"चहाले आला असन."

पवनभाऊ हसले नाहीत. पायवाट आठवडाभर बंद झाली.

दहा तारखेला दुपारी दिव्यानीचा फोन आला.

"पुस्तक आणून राह्यला का नाई बे?"

"वाघ हाय ना वाटेवर."

"त्याले म्हणा, ॲडमिशन झाल्यावर ये. या साली माही ॲडमिशन नाई झाली तं बाबा लगन लावून देते. पोरगं पाहून ठेवलं हाय त्यानं."

निघालो. ढिगापाशी पळसाची हिरवी डहाळी मोडून टाकली. सवयीने, दुसरं काही नाही. जंगलात पाखरू बोलत नव्हतं.

दिव्यानीने पुस्तक हातात घेतलं ते सत्तेचाळीसावं पानच उघडलं.

"काड्या कुठी हायेत? सीता तं म्हणे चार हायेत."

"चुलीत."

हार घातलेल्या फोटोकडे बघावं तसं तिने माझ्याकडे पाहिलं. मग कडुलिंबाची काडी मोडून पानात ठेवली.

"तुही बी ठेव."

"मी मानत नाई."

"इथी मान, घरी जाऊन नको मानू."

मी नाहीच ठेवली. ती पायरीवर बसून झपाझप वाचू लागली. मी परत निघालो.

ढीग आला. माझी डहाळी ढिगावर नव्हती. चार पावलं अलीकडे, वाटेच्या मधोमध पडलेली. एवढ्या वाळक्या काड्यांत हिरवी तेवढी तीच. मी ती उचलून ढिगात नीट खोचली. दहा पावलं गेलो आणि वळून पाहिलं. ती पुन्हा वाटेवर होती. या वेळी माझ्या जास्त जवळ.

माकड असेल, असं ठरवलं. माकडाने नंतर काही विरोध केला नाही.

डहाळी घेतली आणि दिव्यानीच्या गावाकडे पळत सुटलो. पुस्तकात ठेवली की झालं. ढीग ओलांडतो न ओलांडतो तोच खिशात फोन वाजला. सगळ्या वाटेवर रेंज फक्त ढिगापाशीच येते.

"सही झाली, पुस्तक गेलं," दिव्यानी आनंदात म्हणाली. "एसटी आज धा मिनिटं आधीच आली. तू पोचला का घरी?"

मागे काडी मोडल्याचा आवाज झाला. एकच.

"अश्वजित? पोचला का?"

डहाळी माझ्या हातातच होती. ठेवायची कुठे, ते विद्यापीठाने कुठेच लिहिलेलं नव्हतं.